दारूबंदीनं कॉकटेल दिलं नाही, बार दिला

प्रश्न थोडक्यात असा होता: "अमेरिकेत दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूची घाण चव झाकायला कॉकटेलं जन्माला आली, असं हल्ली प्रत्येक बारच्या मेन्यूवर छापलेलं असतं. हे खरं का? आणि त्या तेरा-चौदा वर्षांनी तिथल्या पिण्यात आणि करमणुकीत नेमकं काय बदललं?"

सव्वीस वर्षं मी बारच्या आतल्या बाजूला उभा आहे. सुरुवात पुण्यात एका परमिट रूममध्ये ग्लास विसळण्यापासून झाली, मग काही वर्षं जहाजावर गेली, आता पोरांना शिकवतो. ही मेन्यूवरची गोष्ट मीही कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना रंगवून सांगितली आहे. टीप बरी सुटायची. तेव्हा आधी कबुली देतो: गोष्टीत दोन आणे खरं आहे, चौदा आणे मसाला.

'कॉकटेल' म्हणजे काय याची व्याख्या न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रात १८०६ मध्येच छापून आली होती: कुठलीही कडक दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे मुळं-सालींचा कडवट अर्क. जेरी थॉमस या बारटेंडरचं पाककृतींचं पुस्तक निघालं १८६२ मध्ये. मॅनहॅटन, मार्टिनी, ओल्ड फॅशन्ड, डायकिरी ही सगळी मंडळी १९२० च्या आधीची. दारूबंदी आली तेव्हा न्यूयॉर्कच्या मोठ्या हॉटेलातल्या मुख्य बारटेंडरला सराफाच्या पेढीवरच्या जुन्या कारागिरासारखा मान होता. बर्फ कसा फोडायचा, कुठलं पेय ढवळायचं आणि कुठलं हलवायचं, हे तो उमेदवारी करून शिकलेला असे. १७ जानेवारी १९२० ला त्याची पेढीच बंद झाली.

कायदा नेमका काय होता ते बघा, कारण पुढचं सगळं त्याच्या फटींतून आलं आहे. अमेरिकी राज्यघटनेच्या अठराव्या दुरुस्तीनं दारू बनवणं, विकणं आणि वाहून नेणं बंद केलं. पिणं बंद केलं नाही! अंमलबजावणीच्या व्होलस्टेड कायद्यानं अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेलं सगळं 'मादक' ठरवलं, म्हणजे बिअर आणि वाइनही गेली. व्हिस्की बंद होईल, बिअर राहील, या समजुतीत असलेल्या लाखो लोकांचे डोळे तेव्हा उघडले. दुरुस्ती मंजूर झाल्यापासून अंमल सुरू व्हायला एक वर्ष होतं. ज्याच्याकडे पैसा आणि तळघर होतं त्यानं त्या वर्षात पेट्या भरून ठेवल्या आणि पुढे घरात बसून कायदेशीरपणे प्याला. गरिबाचा कोपऱ्यावरचा गुत्ता तेवढा बंद झाला.

आता बारटेंडरांचं काय झालं? काहींनी धंदा बदलला, काही चोरट्या अड्ड्यांवर गेले आणि जे उत्तम होते त्यांतल्या बऱ्याच जणांनी देश सोडला. हॅरी क्रॅडॉक मूळचा इंग्रज, पण न्यूयॉर्कच्या नामांकित बारमध्ये हात बसलेला. १९२० मध्ये तो लंडनला परतला, सॅव्हॉय हॉटेलच्या 'अमेरिकन बार'मध्ये रुजू झाला आणि १९३० मध्ये सॅव्हॉयचं कॉकटेल पुस्तक निघालं. आजही माझ्या कपाटात ते हाताशी असतं. पॅरिसमध्ये हॅरी मॅकेल्होनचा 'हॅरीज न्यूयॉर्क बार' होता. हवानात 'फ्लोरिडिता'मध्ये कॉन्स्तान्तिनो रिबालाइग्वा डायकिरीला नवं रूप देत होता. फ्लोरिडाच्या टोकापासून, की वेस्टपासून, क्यूबा फक्त ९० मैल. तहानलेला अमेरिकन बोटीत बसला की संध्याकाळी हवानात, आणि बकार्डी कंपनी तर त्यासाठीच त्याला जाहिराती करून बोलवत होती. दारूबंदीच्या काळातली म्हणून जी चांगली कॉकटेलं आज आपण बनवतो, त्यांतली बहुतेक लंडन, पॅरिस आणि हवाना इथली आहेत. काळ दारूबंदीचा खरा, पण मुलूख दारूबंदीचा नव्हे.

यातलं माझं आवडतं 'स्कॉफलॉ'. १९२३ च्या अखेरीस बोस्टनजवळच्या डेल्सव्हेअर किंग नावाच्या एका श्रीमंत दारूबंदीवाल्यानं स्पर्धा लावली: कायदा मोडून पिणाऱ्याला लाज वाटेल असा एक नवा शब्द सुचवा, २०० डॉलर घ्या. पंचवीस हजारांवर शब्द आले. जानेवारी १९२४ मध्ये 'स्कॉफलॉ', म्हणजे कायद्याला वाकुल्या दाखवणारा, हा शब्द निवडला गेला. महिना उलटायच्या आत पॅरिसच्या हॅरीज बारमध्ये त्या नावाचं कॉकटेल मिळायला लागलं. लाज राहिली बाजूला, लोक तो शब्द उच्चारून ऑर्डर देऊ लागले. शब्द इंग्रजी कोशांत अजून आहे, कॉकटेलही आहे, फक्त त्या शब्दानं कुणी दारू सोडल्याचं ऐकिवात नाही.

तोवर अमेरिकेत लोक काय पीत होते? मुख्यतः जिन, आणि त्याचं कारण साधं आहे. व्हिस्की लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरावी लागते. पोलिसांची धाड कधी पडेल याचा नेम नसताना चार वर्षं पिंप सांभाळणार कोण? जिन दुपारी बनवली की रात्री विकता येते. अल्कोहोल, पाणी, जिनला तिची चव देणाऱ्या जुनिपर फळांचं तेल आणि घसा सोलून निघू नये म्हणून थोडं ग्लिसरीन, एवढ्यावर काम भागे. 'बाथटब जिन' हे नाव त्यातूनच पडलं. उंच बाटल्या बेसिनच्या नळाखाली मावत नसत, म्हणून पाणी बाथटबच्या नळाचं, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात. नळ कुठला का असेना, खरी गोम मूळ अल्कोहोलात होती.

ते यायचं कारखान्यांच्या अल्कोहोलातून. रंग, वार्निश, अत्तरं यांच्यासाठी लागणारं अल्कोहोल करमुक्त होतं, आणि ते कुणी पिऊ नये म्हणून सरकारच्या हुकमानं त्यात विष मिसळलं जाई. चोरटे रसायनतज्ज्ञ ठेवून ते पुन्हा गाळून घेत. मग सरकारनं १९२७ च्या सुरुवातीपासून मेथिल अल्कोहोलचं प्रमाण आणखी वाढवलं. १९२६ च्या नाताळातच न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत विषारी दारूचे रोगी आणि प्रेतं येऊ लागली होती. शहराचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी तेव्हा उघडपणे सरकारला जबाबदार धरलं. मालवणीत २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली ती याच मेथिलनं, त्यामुळे आपल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता ते 'दोन आणे खरं'. मिसळीच्या पेयांनी वाईट दारू झाकली, हे खरंच आहे. आल्याची तिखट झणझण अल्कोहोलच्या जाळात मिसळून जाते, कुठला जाळ कुणाचा ते जिभेला कळत नाही. जिंजर एल, म्हणजे आल्याचा गोड सोडा, तेव्हा अमेरिकेत धो-धो खपलं आणि कॅनडा ड्रायचं नाव घरोघरी पोचलं. मध जिभेवर थर धरतो, लिंबू कडवटपणाला मागे ढकलतं. जिन, मध आणि लिंबाचं 'बीज नीज' याच तर्कावर उभं आहे. वर्गात मी पोरांना मुद्दाम स्वस्तातली उग्र जिन देऊन हे करायला लावतो. तीन थेंबांनी मध कमी पडला तरी खालची चव वर येते. पण झाकली जाते ती चव. मेथिल अल्कोहोलला वासच जवळजवळ नेहमीच्या अल्कोहोलचा असतो, तिथे मध काय करणार?

त्याहून भयंकर प्रकार झाला १९३० मध्ये. जमैका जिंजर नावाचा आल्याचा अर्क औषधाच्या दुकानात मिळे, अल्कोहोल भरपूर, म्हणून दक्षिणेतले गरीब लोक तो पीत. सरकारी तपासणीत पास व्हावं यासाठी बोस्टनच्या दोघा व्यापाऱ्यांनी त्यात प्लास्टिक मऊ करण्याचं एक रसायन घातलं. हजारो लोकांच्या पायांतली ताकद गेली, ती अनेकांच्या बाबतीत कायमची. त्या अर्काचं बोलीतलं नाव 'जेक', म्हणून पाऊल आपटत टाकण्याच्या त्या चालीला 'जेक वॉक' म्हणू लागले आणि काही महिन्यांत त्यावर ब्लूज गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. दारूबंदीनं अमेरिकेला जॅझ दिलं असं कौतुकानं सांगणाऱ्यांनी ही गाणीही एकदा ऐकावीत.

व्हिस्कीची कथा वेगळी. ती औषध म्हणून कायदेशीर होती! डॉक्टरनं सरकारी छापील चिठ्ठीवर लिहून दिलं की औषधाच्या दुकानात दर दहा दिवसांना एक पाइंट, म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर मिळे. जुना साठा बाटल्यांत भरून औषध म्हणून विकायचे परवाने सहा कंपन्यांना होते. डिसेंबर १९३१ मध्ये विन्स्टन चर्चिल न्यूयॉर्कमध्ये रस्ता ओलांडताना मोटारीखाली आले. त्यांच्या डॉक्टरनं लिहून दिलेली चिठ्ठी आजही उपलब्ध आहे. प्रकृती सुधारण्यासाठी, विशेषतः जेवणाच्या वेळी, दारू आवश्यक; प्रमाण अमर्याद, पण किमान २५० घन सेंटिमीटर. असा डॉक्टर सगळ्यांना लाभो. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली परमिटच्या कागदावर 'आरोग्य राखण्यासाठी' हेच शब्द असतात. माझ्या पहिल्या नोकरीत गल्ल्याशेजारी एक दिवसाच्या परमिटांचं पुस्तक असायचं, त्यामुळे अमेरिकेची ती चिठ्ठी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती अनोळखी वाटलीच नाही.

पण व्हिस्कीत झालेलं खरं नुकसान फारसं सांगितलं जात नाही, आणि माझ्या मते अमेरिकन पेल्यावरचा तो सगळ्यात खोल वण आहे. १९२० च्या आधी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची व्हिस्की म्हणजे राय, त्याच नावाच्या धान्यापासून केलेली, मसालेदार आणि कोरडी. मूळ मॅनहॅटन तिचंच. दारूबंदीत पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडच्या भट्ट्या थंडावल्या. दरम्यान डेट्रॉइटसमोरच्या नदीपलीकडून कॅनडाची हलकी, मिश्र व्हिस्की येत राहिली. हिवाळ्यात नदी गोठली की मोटारीच बर्फावरून यायच्या. अटलांटिकमधून स्कॉच येई. न्यूफाउंडलंडजवळची सेंट पिएर आणि मिकेलोन ही चिमुकली फ्रेंच बेटं तर या मालाची गोदी झाली. तिथे रिकाम्या खोक्यांच्या फळ्या इतक्या साठल्या की लोकांनी त्यांची घरं बांधली. १९३३ मध्ये बंदी उठली तेव्हा कॅनडा आणि स्कॉटलंडकडे मुरलेला माल तयार होता, अमेरिकेकडे बहुतांशी कालची कच्ची दारू. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार? एका पिढीची जीभ हलक्या चवीवर वाढली ती वाढलीच. राय जवळजवळ विस्मरणात गेली आणि दुकानांच्या फळ्यांवर नीट परतायला एकविसावं शतक उजाडलं.

बिअर आणि वाइनचं थोडक्यात सांगतो. बिअर बनवणारे कारखाने आइस्क्रीम, चीज, यीस्ट, माल्टचं सिरप विकून तगले, न तगलेले कायमचे गेले. घरी फळांचा रस करायला कायद्यात मुभा होती, तिचा अर्थ लोकांनी आपापल्या सोयीनं लावला. द्राक्षरसाच्या वड्यांवर 'पाण्यात विरघळवून इतके दिवस कपाटात ठेवू नका, नाहीतर वाइन होईल' अशी सूचना देऊन त्या विकल्या गेल्या. सूचना कसली, कृतीच ती. कॅलिफोर्नियात द्राक्षाचे मळे कमी न होता वाढले, पण नाजूक जाती उपटून जाड सालीची, रेल्वेच्या प्रवासात टिकणारी अलिकान्ते बुशे लावली गेली. तिथल्या वाइनची प्रत त्यानंतर कित्येक वर्षं सावरली नाही. बंदी उठवताना घरगुती वाइनला परवानगी मिळाली, घरगुती बिअर मात्र राहून गेली. ती कायदेशीर व्हायला १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांची सही लागली. आज जगभर ज्या क्राफ्ट बिअरचं कौतुक चालतं, तिच्यातले कितीतरी पहिले उस्ताद घरच्या स्वयंपाकघरात शिकलेले आहेत.

पेल्यात असं बहुतेक नुकसानच. मग दारूबंदीनं दिलं काय? खोली दिली.

१९२० च्या आधीचा सलून म्हणजे पुरुषांचा गुत्ता. उभ्यानं प्यायचं, जमिनीवर भुसा, पायाशी पिकदाणी. सभ्य घरातली बाई तिथे दिसली तर तिचीच चर्चा. हे सलून बंद करायला ज्यांनी रान उठवलं, त्यांत बायकाच पुढे होत्या आणि त्यांचं दुःख खरं होतं. आठवड्याचा पगार तिथेच संपायचा. सलून गेलं आणि त्याच्या जागी 'स्पीकीझी' आली, म्हणजे हळू बोलायची जागा. ती मुळातच बेकायदा, तिथे रीत कोण पाळणार? बायका आल्या, बसायला टेबलं आली, दारूबरोबर तोंडात टाकायला छोटे पदार्थ आले, नाचायला जागा आली आणि गर्दी खेचायला बँड आला. स्त्री-पुरुष एका टेबलावर बसून, संगीत ऐकत कॉकटेल पितात, हे आज आपल्याला बारचं स्वाभाविक चित्र वाटतं. ते तिथलं आहे. जॅझ आधीच न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलं होतं, पण त्याला रोजची नोकरी शिकागोच्या आणि न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या क्लबांनी दिली. ड्यूक एलिंग्टन डिसेंबर १९२७ मध्ये कॉटन क्लबमध्ये वाजवू लागला आणि तिथून रेडिओनं त्याला देशभर नेलं. क्लबचा मालक ओनी मॅडन हा गुंड. रंगमंचावर सगळे कृष्णवर्णीय, आणि प्रेक्षकांत त्यांना मज्जाव. तबकडी लावताना हेही लक्षात असू द्यावं.

न्यूयॉर्कच्या '२१ क्लब'ची कारागिरी माझ्या खास आवडीची. धाड पडली की एक कळ दाबायची, शेल्फ उलटायचं आणि बाटल्या घरंगळत खाली जाऊन फुटायच्या. खरा साठा शेजारच्या १९ नंबरच्या तळघरात, अडीच टन वजनाच्या, भिंतीसारख्याच दिसणाऱ्या दारामागे. विटांमधल्या एका फटीत बारीक सळई घातली की ते उघडे. मालक शपथेवर सांगू शकत, आमच्या जागेत दारू नाही, कारण २१ नंबरात खरोखरच नव्हती. तिकडे इझी आइनस्टाइन नावाचा गोलमटोल सरकारी एजंट कधी कबर खोदणारा, कधी फळवाला अशी सोंगं घेऊन अड्डे पकडत होता. मो स्मिथबरोबर त्यानं ४,९३२ जणांना अटक केली. पेपरांत नाव वरिष्ठांपेक्षा मोठं झालं आणि १९२५ मध्ये दोघांचीही नोकरी गेली. सरकारी खात्यांचा स्वभाव सगळीकडे सारखाच.

शिकागोचा दारूमाफिया अल कपोन याच्याबद्दल मी लांबण लावत नाही, सिनेमांनी ते काम केलं आहे. खरं तर अमेरिकन गुंडपट हा प्रकार रुळला तोच १९३१-३२ च्या सुमारास, बंदी चालू असताना. ताज्या बातम्यांवर पटकथा उभ्या राहत होत्या. नॅसकारच्या मोटारशर्यती दारूबंदीतून आल्या, हे मात्र अर्धंच बरोबर आहे. डोंगराळ दक्षिणेत करचुकवी हातभट्टी बंदीच्या आधीही होती आणि नंतरही राहिली. संस्था निघाली १९४८ मध्ये, आणि तिचा मोठा तारा ज्युनिअर जॉन्सन १९५६ मध्ये बापाच्या भट्टीवर पकडला गेला; तेव्हा बंदी उठून तेवीस वर्षं झाली होती.

बंदी उठली ५ डिसेंबर १९३३ ला. मंदीत सरकारला कर हवा होता, लोकांना काम. पण ती उठली ती राज्यांच्या हाती सोपवून. मिसिसिपी १९६६ पर्यंत कोरडं राहिलं. जॅक डॅनियल्स जिथे बनते तो टेनेसीतला मूर परगणा बंदी उठल्यावरही कोरडाच राहिला.

आणि आजचे ते पुस्तकांच्या कपाटामागचे, फ्रिजच्या दारामागचे बार? ते १९२५ ची नक्कल नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १९९९ च्या शेवटच्या रात्री साशा पेट्रास्कीनं 'मिल्क अँड हनी' उघडला. वस्तीतली जागा, आवाज होऊ देणार नाही असा शब्द दिलेला, म्हणून पाटी नाही, आधी फोन केल्याशिवाय प्रवेश नाही. २००७ मध्ये 'पीडीटी' आला, हॉटडॉगच्या दुकानातल्या फोनच्या खोक्यातून आत जायचं. पेट्रास्कीला शेजाऱ्यांची झोप मोडायची नव्हती. त्यातून जगभर चोरदारांची फॅशन आली.

तुम्हाला त्या काळाची खरी चव घ्यायची असेल तर स्कॉफलॉ घ्या. ४५ मिली राय, ३० मिली ड्राय व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन), २० मिली लिंबाचा रस, १५ मिली ग्रेनेडिन (डाळिंबाचं सिरप), बर्फावर चांगलं हलवून गाळून. सॅव्हॉयच्या पुस्तकात त्यात कॅनेडियन व्हिस्कीच आहे, राय नाही. का ते वर आलंच आहे. आपल्याकडे राय सहज मिळत नाही, तेव्हा बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, चालेल, मग ग्रेनेडिन १० मिलीवर आणा. आणि ग्रेनेडिन म्हणून मिळणारं ते लाल साखरपाणी घेऊ नका. सोलापूरकडचं डाळिंब आणा, दाणे पिळा, रसाच्या वजनाइतकी साखर मंद आचेवर विरघळवा. फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतं.